हिरवे ठिपके

सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा समोरच्या भिंतीवरचा पडदा लालभडक होता. त्यांना आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच वर्गात आलो. पण बाक तेच होते, खिडकीची निखळलेली कडी तीच होती, आणि फळ्यावर त्यांनीच काल लिहिलेलं ऋण गुणिले ऋण बरोबर धन त्यांच्याच तिरक्या अक्षरात तसंच होतं. एक पालक भेटायला आले म्हणून तास सुरू होताच सर खाली ऑफिसात गेले होते आणि जाताना विज्ञानाच्या बाईंना म्हणाले होते, "बाई, मोकळ्या असाल तर जरा बसा माझ्या वर्गावर. कालचंच परत घ्या. झालेलं आहे सगळं, नुसती उजळणी." बाई पडद्याकडे पाठ करून हातवारे करत काहीतरी समजावत होत्या, आणि त्यांच्या डोक्यामागे लाल ठिपक्यांचं रान माजलं होतं. मग पहिल्या बाकावरच्या मॉनिटर मुलीनं सरांना पाहिलं. ती उठून उभी राहिली नाही. खाली मान घालून तिनं आपल्या टॅबवर बोट टेकवलं. पडद्यावर एक ठिपका हिरवा झाला. तिनं कोपरानं शेजारणीला ढोसलं, शेजारणीनं दाराकडे पाहिलं, दुसरा ठिपका हिरवा झाला. मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. मग भराभर, एकेका ओळीत, बघता बघता सगळी भिंत हिरवी झाली, आणि नेमक्या त्याच वेळी बाई वळल्या. "अरे वा! समजलं की सगळ्यांना!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या आणि सरांना पाहून हसल्या. "सर, आत्तापर्यंत जवळजवळ सगळं लाल होतं हो. तुमचा पायगुण म्हणायचा. तुम्ही नुसते दारात आलात तरी गणित समजतं यांना."

सरही हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. बाई पर्स उचलून निघून गेल्या, त्यांच्या मनात काहीच नव्हतं. त्या या वर्षीच नव्या लागल्या होत्या आणि मुलांनी लाल दाबलं की त्यांना चेव यायचा. सरांनी खडू घेतला. घेतला आणि हातातच ठेवला. वर्ग शहाण्यासारखा बसून होता, नको इतका शहाण्यासारखा. "तर मग," ते म्हणाले, "पुढं जाऊ या ना?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो सर."

ही यंत्रणा आली ती गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. प्रत्येक मुलाच्या हाती एक टॅब, आणि टॅबवर दोन बटणं: हिरवं म्हणजे समजलं, लाल म्हणजे समजलं नाही. कोणी काय दाबलं ते कोणालाच कळत नाही, मुख्याध्यापिकांनाही नाही. नाव नाही, नंबर नाही, भिंतीवर नुसता एक ठिपका उमटतो. बसवायला आलेल्या तंत्रज्ञानं शिक्षकांना समोर बसवून सांगितलं होतं, "हात वर करायला मुलं लाजतात. इथं लाजायचं कारणच उरत नाही." सरांना ते मनापासून पटलं होतं. बाकीच्यांनी नाकं मुरडली, इतिहासाचे गुरुजी तर म्हणाले की आम्हाला मुलांच्या डोळ्यांत दिसतं, भिंतीवर कशाला बघायचं. पण सर पहिल्याच दिवशी हौसेनं पडदा लावून उभे राहिले. अपूर्णांक शिकवले. अगदी रंगून शिकवले. आणि म्हणाले, "हं, दाबा बघू." निम्म्याहून अधिक भिंत लाल झाली. सर खुर्चीवर बसले, असं त्यांना आठवतं. बाटलीतलं पाणी प्यायले. मग उठून म्हणाले, "माझंच सांगायचं चुकलं असेल," आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, आणि ठिपके हिरवे झाले, आणि त्यानंतर ते कायमचे हिरवेच राहिले. शाळेतला सगळ्यात हिरवा वर्ग. महिन्याअखेरीच्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "सरांकडून शिका. यंत्र वापरावं तर असं." घरी जाऊन त्यांनी ते बायकोला दोनदा सांगितलं होतं. चाचणीत मार्क पडले नाहीत तेव्हा ते म्हणाले, धांदरट आहेत कार्टी, येतं पण घाई करतात. आता या क्षणी त्यांना त्या 'येतं पण' या दोन शब्दांची इतकी लाज वाटत होती की पुढचं उदाहरण फळ्यावर घालताना त्यांनी तोंड फळ्याकडेच ठेवलं, लिहून झालं तरी.

शाळा सुटल्यावर ते नेहमीच्या बसनं गेले नाहीत. चालत निघाले. दुकानांचे दरवाजे, फुटपाथवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, एका इमारतीवर हातोहात सिमेंटची घमेली चढवणारी माणसं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांवरून नुसतं सरकत होतं. मुलं खोटं बोलली याचा त्यांना राग येत नव्हता. तीच तर पंचाईत होती. राग आला असता तर उद्या वर्गात जाऊन दोन शब्द सुनावले असते आणि मोकळे झाले असते. मुलांनी त्यांना फसवलं नव्हतं. मुलांनी त्यांना सांभाळलं होतं. घरात कोणी आजारी असलं की बाहेरची वाईट बातमी दारातच थोपवतात, तसं. आणि हे कोणी शिकवलं यांना? कधी ठरलं? मधल्या सुट्टीत डबे खाता खाता ठरलं असेल, मॉनिटर मुलीनं बाकावर चढून फर्मान काढलं असेल, की सरांच्या तासाला हिरवंच दाबायचं, कोणी शहाणपणा करायचा नाही. सर डोळ्यांसमोर आणू पाहत होते की त्या पहिल्या दिवशी, लाल भिंतीसमोर, आपला चेहरा कसा झाला असेल. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचा चेहरा येईना. आला तो वडिलांचा.

वडील छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. संध्याकाळी घरी यायचे ते बोटांना शाईचा वास आणि डोळ्यांखाली दोन काळी वर्तुळं घेऊन. हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, आणि सतरंजीवर बसून म्हणायचे, "आण रे तुझं गणित." त्यांचं स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, पण गणिताची गोडी अफाट, बारीक पेन्सिलीनं, एकाखाली एक, ठाशीव आकडे काढत ते शिकवायचे. आणि मग विचारायचे, "समजलं?" एकदा, फार लहानपणी, सर म्हणाले होते, "नाही." वडील रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला, आतला दिवा कोणीतरी बारीक करावा तसा, आणि ते स्वतःशीच म्हणाले, "माझंच सांगणं चुकतंय." मग पुन्हा पहिल्यापासून. आणखी हळू, आणखी प्रेमानं, आणखी ठाशीव आकडे. त्या प्रेमाखाली मुलाचा जीव गुदमरून गेला. दिवसभर उभं राहून आलेला हा माणूस, याचे पाय दुखतायत, याला झोप आलीय, आणि आपल्या मठ्ठपणामुळं हा अजून बसलाय. "समजलं?" "हो, समजलं." चेहरा पुन्हा उजळला, इतका उजळला की खोटं बोलल्याचं काही वाटेचना. त्या संध्याकाळपासून मुलगा समजलंच म्हणत गेला. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, समजलं? समजलं. का होतं ते नाही समजलं, पण होतं हे पाठ झालं, आणि पाठ झालेल्याच्या जोरावर पुढची सगळी शिडी चढून तो मुलगा गणिताचा सर झाला. पुढं पदवीला त्याची सिद्धताही आली, आजही झोपेतून उठवलं तरी सर ती तीन ओळींत मांडतील. सिद्ध करता येत होतं. आतून कधी पटलं नव्हतं. आणि हे ते आत्ता, रस्ता ओलांडायच्या दिव्याखाली उभे असताना, पहिल्यांदा स्वतःला सांगत होते. दिवा हिरवा झाला. लोक पुढं गेले. सर उभेच राहिले. दिवा पुन्हा लाल झाला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

घरी बायकोनं दार उघडलं आणि पाहताक्षणी म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. चालत आलो."

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं पुढं विचारलं नाही. सरांना वाटलं, ही कधीच पुढं विचारत नाही, आणि कधी आपणहून सांगतही नाही. मागच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ लागली होती. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आठवडाभर वाट पाहिली, आणि हे सगळं ती भाजी आणायला जाते म्हणून एकटी जाऊन करत होती. रिपोर्ट चांगला आला त्या संध्याकाळी तिनं चहा देता देता सांगितलं, "अहो, एक होतं, पण आता काही नाही." तेव्हा सरांना तिचं कौतुक वाटलं होतं. किती खंबीर बाई आहे, असं त्यांनी चारचौघांत सांगितलंही होतं. आता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिच्या पाठीकडे, गाळणीवर झुकलेल्या मानेकडे पाहत होते आणि त्यांच्या मनात आलं की तो आठवडा ही माझ्याशेजारीच झोपत होती. मी घोरत होतो आणि ही छताकडे बघत होती. "तुला भीती नाही वाटली?" ते म्हणाले.

"कशाची?"

"त्या गाठीची."

बायकोनं वळून पाहिलं. "आत्ता? इतक्या दिवसांनी?" मग कप पुढं करत म्हणाली, "वाटली की. पण दोघांची भीती मी कुठं वागवत बसू? माझी माझ्यापुरती पुरे होती."

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि दर गुरुवारी जेवणाआधी तिचा फोन यायचा. तिचं बोलणं ठरलेलं: मी मस्त, तुम्ही कसे, आईला द्या. त्या दिवशी गुरुवार होता. सर फोन कानाला लावून खिडकीशी गेले. ही मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात नापास झाली होती. गणिताच्या सरांची मुलगी गणितात नापास. गल्लीत महिनाभर पुरलं होतं ते लोकांना. वर्षभर याच घरात, जेवणाच्या टेबलाशी, सर तिला रोज शिकवायचे आणि ती रोज मान डोलवायची. "मी मस्त," ती म्हणाली. "तुम्ही कसे?"

"तुला एक विचारू?"

"विचारा ना."

"मी तुला शिकवायचो, तेव्हा तू समजलं म्हणायचीस. खरंच समजायचं?"

"हे काय मध्येच? आई काही बोलली का?"

"आई काय बोलणार?"

"काही नाही. बाबा, जाऊ द्या ना, किती जुनी गोष्ट."

"सांग. मी काही म्हणणार नाही."

"तुम्ही कधीच काही म्हणत नाही हो, तेच तर," मुलगी म्हणाली आणि हसली, पण ते हसू नीट जमलं नाही. "नाही समजायचं. आधी आधी समजायचं. मग एकदा मी म्हटलं नाही समजलं, तर तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, तुमचं काहीतरी माझ्या हातून पडून फुटलं. आपल्या समोरची ती आठवते, माझी मैत्रीण? तिच्या बाबांनी एकदा तिची वही भिंतीवर फेकून मारली होती. ती रडत आली माझ्याकडे. आणि मला बाबा, तिचा हेवा वाटला. वही उचलता येते ना."

सरांनी खिडकीचा गज धरला. खाली कोणीतरी मोटार लावत होतं, मागंपुढं, मागंपुढं. "बरं," ते म्हणाले. आणि मग, कसं कोण जाणे, "अजून काही आहे का?"

"कसलं?"

"न सांगितलेलं."

"आहे," मुलगी म्हणाली. "मी नोकरी सोडलीय. आईला माहीत आहे. दुसरी बघतेय, मिळेल. तुम्ही चेहरा पाडून बसाल म्हणून मिळाल्यावरच सांगणार होते." तिला चेहरा दिसत नव्हता हे किती बरं होतं. पण बायको दारात येऊन उभी राहिली होती आणि तिला दिसत होता. ती पुढं आली, तिनं त्यांच्या गालाला ओल्या हाताचं बोट लावलं आणि हळूच म्हणाली, "हा. हाच तो."

त्यांनी फोन बायकोकडे दिला आणि न्हाणीघरात जाऊन आरशात पाहिलं. साधाच चेहरा होता. वय झालेला, भुवया पिकलेल्या, कोणाचं वाईट न चिंतणारा. आयुष्यभर सर स्वतःला एक गोष्ट अभिमानानं सांगत आले होते, की मी कधी कोणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, मला कोणी भीत नाही. आणि सगळे भीत होते. त्यांच्या दुःखाला भीत होते. मारकुट्या मास्तरांना मुलं निदान पाठीमागं शिव्या तरी देतात. याला काय देणार? आपण भला माणूस होऊन सगळ्यांची तोंडं बंद केली, असं त्यांच्या मनात आलं, आणि आरशातला चेहरा पुन्हा उतरायला लागला, तेव्हा त्यांनी घाईघाईनं दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकखोलीतल्या कपाटातून एक जादा टॅब मागून घेतला. वर्गातला एक मुलगा शाळा सोडून गेला होता, त्याचा तो होता. काय करायचं ते त्यांचं नक्की ठरलं नव्हतं. येताना दोनतीन वाक्यं जुळवली होती: मुलांनो, मला वाईट वाटणार नाही. पण ते खोटं होतं, वाईट वाटणारच होतं, आणि खोटं बोलून खरं मागायचं म्हणजे काय? भाषण करावं तर तेही प्रेमाचंच होणार, आणि प्रेमाला ही मुलं पुरती सरावली होती; ती सद्गदित होऊन आणखी हिरवं दाबतील. तास सुरू झाला. सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली, ऋण गुणिले ऋण बरोबर धन, आणि म्हणाले, "आज मी शिकवत नाही. हे वाचा, विचार करा, आणि काय ते दाबा. नेहमीसारखं." आणि ते खाली उतरून तिसऱ्या ओळीतल्या एका बाकावरच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. बाक त्यांना लहान होत होता. गुडघे कुठं ठेवावेत ते कळेना. शेजारच्या मुलानं आदरानं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

पडदा हिरवा होत गेला. एकेक ठिपका, आज्ञाधारक. इथून, मुलांच्या उंचीवरून, भिंत फार मोठी दिसत होती, आणि फळ्यापाशी सरांची रिकामी जागा नको तितकी स्पष्ट दिसत होती. तिथं उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावरची रेघ न रेघ इथून मोजता आली असती. सरांनी मांडीवरच्या टॅबकडे पाहिलं. वडिलांची पेन्सिल, ते ठाशीव आकडे, तो उजळलेला चेहरा. आता तो उतरला असता तरी कोणाला दिसणार होता? तरीही त्यांचं बोट आधी हिरव्यावर जाऊन थांबलं. त्यांनी लाल दाबलं.

हिरव्या भिंतीत मधोमध एक लाल ठिपका उमटला आणि वर्गात सळसळ झाली. मॉनिटर मुलगी ताडकन मागं वळली. तिच्या डोळ्यांत अंगार होता. तिनं मागच्या बाकांवरून नजर फिरवली, नेहमीच्या दोघातिघांवर रोखली आणि दात आवळून म्हणाली, "कोणी दाबलं? कोणी दाबलं रे ते?"

"मी," सर म्हणाले.

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. आपलं गुपित आपल्याच तोंडून फुटलं हे तिला कळलं होतं आणि तिचे कान लाल झाले होते. "सर, तुम्हाला येतं की," ती पुटपुटली.

"येतं. पण समजलेलं नाही. का होतं ते मला कधीच समजलं नाही. लहानपणी मी समजलं म्हणालो, कारण मला शिकवणारा माणूस फार दमलेला होता आणि फार चांगला होता. मग ते तसंच राहिलं." सर थांबले. पुढं बोलावंसं वाटत होतं, पण त्यांनी बोलणं आवरलं.

मग त्यांच्या शेजारच्या, दप्तर मांडीवर घेतलेल्या मुलानं, सरांच्या इतक्या जवळ बसून की सरांना त्याचं बोट दिसत होतं, लाल दाबलं. त्यानं सरांकडे पाहिलं नाही. समोर एक ठिपका पालटला. मग खिडकीशी एक. मग काही वेळ काहीच नाही. मग एकदम बरेच, आणि मागून आणखी, आणि शेवटी, सगळ्यांच्या मागाहून, पहिल्या बाकावरचा. भिंत लाल झाली. काल दारातून पाहिली त्याहूनही जास्त लाल, कारण बाईंच्या तासालाही काहींनी लाजून हिरवं ठेवलं असणार.

"बरं," सर म्हणाले. "मग कुठपासून घेऊ?"

मॉनिटर मुलगी उभी राहिली. तिनं आधी खाली पाहिलं, मग फळ्याकडे, मग नाइलाजानं सरांकडे. "सर, खरं सांगू?"

"सांग."

"अपूर्णांकांपासून."

अपूर्णांक म्हणजे मागचं अख्खं वर्ष. मागच्या वर्षीचा प्रत्येक तास, प्रत्येक शाबासकी, बैठकीतलं ते कौतुक. सरांचा चेहरा उतरला. तो उतरतोय हे त्यांना आतून कळलं, गालांतून, ओठांच्या कोपऱ्यांतून, आणि त्यांनी तो लपवला नाही. लपवायला फळाही नव्हता, चहूबाजूंनी मुलं होती आणि सगळी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना खूप वाईट वाटत होतं. डोळे भरून आले होते, आणि तेही सगळ्यांना दिसत होतं. मागच्या बाकावर एका मुलाचा हात सवयीनं टॅबकडे गेला.

"राहू दे रे," मुलगी म्हणाली. "सरांना बघू दे."